गुणाजींच्या कानाचं मशीन

मी एक जुनं श्रवणयंत्र आहे, आणि गडबच्या चंद्रावतीचं लग्न तिच्या मनासारखं ठरलं ते माझ्यामुळे.

मित्रांनो, शेवट चुकून आधीच बोलून गेलो. वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. लग्नबिग्न काही ठरलं नाही. मी आपली माझी साधी जन्मकथा सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काड्यापेटीहून थोडा मोठा डबा, पोटात एक पेन्सिल सेल, आवाज कमीजास्त करायला एक चाक आणि कानापर्यंत जाणारी लांब वायर. आपण मोठेपणी रेडिओ होणार, असं मला लहानपणी वाटायचं. पण रोह्याकडे नवनव्या कंपन्यांची धुरांडी उभी राहत होती त्या दिवसांत तिथल्या एका शाळेत कानांचं शिबिर भरलं, आणि मला गुणाजींच्या खिशात घालण्यात आलं.

गुणाजी पेण तालुक्यातल्या गडब गावचे, भातशेती करणारे गृहस्थ. घर अगदी हायवेला लागून. त्यांचे कान कशाने गेले याबद्दल घरात दोन मतं होती. गुणाजी म्हणत, ट्रकच्या हॉर्नने. त्यांची बायको बायजा म्हणे, "कसला हॉर्न! लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासनं हे असंच हाय."

मी येण्याआधी गुणाजींनी एका शब्दावर संसार रेटला होता. समोरचा हसला की हसायचं आणि थांबला की "व्हय" म्हणायचं. या व्हयपायी ते भजनी मंडळाचे अध्यक्ष झाले होते आणि वर्षभर त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

माझं स्वागत थाटात झालं. सगळी आळी मला बघायला आली. जो येई तो गुणाजींच्या छातीवर वाकून खिशात ओरडे, "दादा, येतंय का ऐकू?" मित्रांनो, माझ्यात ओरडू नये. ओरडलं की मला शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट होतो. पण हे मी सांगणार कोणाला? मला तोंड नाही.

पुढे कौतुक ओसरलं. सेल संपेल या भीतीने गुणाजी मला बंदच ठेवू लागले. बातम्या आणि मयताची खबर, एवढ्यापुरता मी चालू. सेल संपला की तो बॅटरीच्या सेलांबरोबर कौलांवर उन्हात वाळत पडे. आमच्याकडे संपलेल्या सेलात उन्हाने जीव येतो असं मानतात. येतोही. पण पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन निघून जातो.

घरात माझ्याशी नीट वागणारी एकच, गुणाजींची मुलगी चंद्रावती. तिला अलिबागला नर्सच्या शिक्षणाला जागा मिळाली होती, आणि त्याच सुमारास रोह्याहून तिला मागणी आली. एका संध्याकाळी तिने रेडिओ बंद केला, मला चालू केलं, दाराच्या उजेडात बापासमोर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बा, माझ्या शिक्षणाचं बोलते हां."

आधी विषय सांगितल्यामुळे गुणाजींचं अर्धं काम झालं. मग ती लहान लहान वाक्यांत, न ओरडता बोलली. शेवटी म्हणाली, "काय बोलले, सांग बघू."

"अलिबागला शिकायचंय. लगीन झालं तरी सोडायचं नाय."

"बरोबर."

"व्हय," गुणाजी म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला हा बहुधा पहिला ऐकून दिलेला व्हय.

"पण पाहुण्यांपुढं नुसतं व्हय व्हय करू नको, बा. तुझा एक व्हय नि माझं शिक्षण खलास."

तिची भीती खरी होती. आमच्याकडे मुलीच्या बापाने व्हय म्हटलं की सुपारी फोडतात, आणि सुपारी फुटली की शब्द मागे येत नाही.

ठरलेल्या दिवशी रोह्याची मंडळी आली. नवरामुलगा गोविंदा कंपनीत शिफ्टला जाणारा, गरीब स्वभावाचा. बोलणं सगळं त्याच्या मामांचं, बाबाजीमामांचं. माझ्यात उन्हात वाळवलेला सेल होता. सगळे एकदम बोलत होते, बाहेर ट्रक बोलत होते, आत बायजाची कढई बोलत होती. चहाचे कप आले आणि मी गेलो.

गुणाजींनी माझं चाक शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही.

तेवढ्या कल्लोळात बाबाजीमामांनी वाक्य सोडलं. "तीन गाड्या वऱ्हाडाला नि मुलीनं शिक्षण सोडून घर सांभाळायचं. मग गुणाजीशेठ, व्हय ना?"

सगळ्यांनी गुणाजींकडे पाहिलं. सुपारी पाटावर होती. चंद्रावतीने स्वयंपाकघराची चौकट घट्ट धरली. गुणाजींचे ओठ सवयीने व्हयच्या आकारात आले आणि तसेच थांबले.

"नाय," ते म्हणाले.

सुपारीकडे निघालेला बाबाजीमामांचा हात मागे आला.

"नाय म्हंजे, मला ऐकू नाय आलं. मशीन मेलंय."

"अवो, चारचौघांत काय सांगता हे!" बायजा पुटपुटली. इतकी वर्षं गुणाजींनी ऐकू न येणं एखाद्या जुन्या जखमेसारखं झाकून ठेवलं होतं. आता उघडं केल्यावर त्यांना बरंच मोकळं वाटलेलं दिसलं.

"एकेकानं बोला. मामा, तुम्ही हितं समोर या. उजेडात. नि सावकाश."

बाबाजीमामा उठून समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. बाकीच्यांनी कप खाली ठेवले.

"वऱ्हाडाला तीन गाड्या पायजेत," मामा म्हणाले.

"काय?"

"दोन गाड्या."

"परत बोला."

"येऊ हो आमचे आम्ही! टेंपो हाय!"

"तुमचे तुम्ही येणार, टेंपो हाय. बरोबर?" गुणाजींनी विचारलं. पाहुण्यांतलंच कोणीतरी फसकन हसलं.

"आता दुसरं बोला."

दुसरं बोलणं जड गेलं. गर्दीत हे वाक्य दहा वाक्यांच्या आडून सरकलं होतं. आता ते एकटं होतं. "मुलीनं... शिक्षण सोडायचं," मामा खाली बघत म्हणाले.

"माझ्याकडं बघून बोला. मला तोंड दिसाया पायजे."

मामांनी वर पाहिलं. समोर गुणाजींचे डोळे, त्यामागे चौकट धरलेली चंद्रावती. मामांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा कौलं बघत होता.

"मामा," तो कौलांकडे बघतच म्हणाला, "मी कधी बोललो असं?"

बाबाजीमामांनी टोपी काढून घाम पुसला आणि टोपी परत घातली. "मुलगी शिक्षण पुरं करील," ते स्पष्ट, सावकाश आणि थेट गुणाजींकडे बघून म्हणाले. अशी माणसं मला फार आवडतात.

"मुलगी शिक्षण पुरं करील. बरोबर?"

"बरोबर!"

"व्हय."

सुपारी फुटली. चंद्रावतीने सोडलेला श्वास एवढा मोठा होता की मेलेला असूनही मला ऐकू आला.

पाहुणे गेल्यावर बायजाने नवऱ्यासमोर बसून, हळू आवाजात विचारलं, "अवो, खरं सांगा. मामाच्या ओठांवरनं पयल्याच वेळेला कळलं होतं ना तुमाला?"

"काय?" गुणाजी म्हणाले.

त्यानंतर पंचक्रोशीतल्या बैठकांना गुणाजींना आमंत्रणं येऊ लागली. धडधाकट कानांची माणसंही "ऐकू नाय आलं, समोर येऊन बोला" म्हणायला लागली. बांधाचं एक भांडण तर तिसऱ्यांदा सांगता सांगता दोघांनाही हसू येऊन मिटलं.

हल्ली मी रोह्याला चंद्रावतीच्या घरी स्टीलच्या डब्यात असतो. वायर तुटली आहे. ती नर्स असताना दवाखान्यात पेशंटसमोर खुर्ची ओढून बसायची आणि शेवटी "काय बोलले, सांगा बघू" म्हणायची, हे तिच्या तोंडून ऐकलं की माझं चाक आपोआप थोडं फिरतं.

मित्रांनो, यंत्राचा सेल वेळेवर बदला, घामापासून यंत्र जपा, आणि त्यामागच्या माणसालाही जपा. मशीन आवाज मोठा करतं, समोरच्याचं बोलणं नीट करत नाही. त्यासाठी मी पुढीलप्रमाणे अर्ज करत आहे.

मा. तहसीलदारसाहेब, पेण व रोहा यांसी, सविनय विनंती की, कमी ऐकू येणाऱ्याने "काय म्हणालात?" असं विचारल्यास "काय नाय, जाऊ दे" असं उत्तर देण्यास दोन्ही तालुक्यांत तत्काळ मनाई करावी, जे ऐकायचं राहून गेलं ते पुन्हा, समोर बसून, तोंडावरचा हात काढून सांगणं प्रत्येक नागरिकास बंधनकारक करावं, आणि तेवढा वेळ हायवेवरची वाहतूक थांबवून ठेवावी. कळावे.