शून्य उत्पादनाचे हातमोजे

उत्पादन वाढले की कामगारांचे चामडी हातमोजे अधिक झिजतात. उत्पादन थांबले की झीजही थांबते. जागेचे भाडे मात्र थांबत नाही. खर्चांचा हा स्वभाव कारखान्याच्या खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या अलकनंदाने आलेखावर शेकडो वेळा रेखाटला होता. म्हणूनच दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्याचा नोव्हेंबर तिला छळू लागला. धुरक्यामुळे पत्रे दाबून सुटे भाग बनवणारा प्रेस विभाग सरकारी हुकमाने महिनाभर सीलबंद होता. तरी दर सोमवारी हातमोज्यांची एक जोडी खर्ची पडली होती.

“शून्य उत्पादनाला हा खर्च शून्यच हवा ना, यार?” तिचा वरिष्ठ जयदीप म्हणाला. “सीधी बात आहे, स्टोअरकीपर माल विकतोय. पाचपर्यंत रिपोर्ट दे, आजच त्याला घरी बसवतो.”

स्टोअरकीपर विश्वनाथ यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. अलकनंदा त्यांच्या खिडकीशी गेली.

“काका, खरं सांगा. विकलेत?”

“जुनी जोडी हातात पडल्याशिवाय मी मालकालाही नवी देत नाही, ताई.” त्यांनी जुन्या जोड्यांचा खोका पुढे सरकवला. “मोजून घ्या. सोमवारी सकाळी येतो तेव्हा इथं ठेवलेल्या असतात. ही आजची.”

तळव्याचे चामडे तेलाने काळवंडून विरले होते. दुपारच्या राखाडी उजेडात तिने हातमोज्यात हात घातला. आत ऊब होती.

“कोण ठेवतं?”

“विचारायचा धीर झाला नाही. पण राबलेला हात मी ओळखतो. त्याला नवी जोडी नाकारू कशी?”

तिने अहवालात लिहिले: आठवड्याला एक जोडी, स्थिर खर्च, उत्पादनाशी संबंध नाही.

जयदीप हसला. “स्थिर? घालतं कोण?”

“देखभाल. बंद यंत्रालाही हात लावावा लागतो.”

“अच्छा! मग यापुढे पावतीवर म्हाताऱ्याची नाही, तुझी सही. काही निघालं तर तुझी नोकरी.”

“चालेल.”

पुढच्या सोमवारी विश्वनाथांनी झिजलेली जोडी उचलली, नवी तिथे ठेवली आणि पावती तिच्यासमोर धरली. तिने सही केली. शाई वाळली नव्हती तोच मोज्यांची चपटी बोटे एकेक करून भरत गेली. करंगळी सर्वांत शेवटी. विश्वनाथांनी डोळे मिटून घेतले. मोजे सावकाश उताणे झाले आणि तळवे तिच्याकडे करून थांबले, पाळीच्या आरंभी कामगार काम सांगण्याची वाट पाहत थांबतो तसे.