सोडतीतलं मटण

दर महिन्याला मर्व्ह ट्रेझाइज मटणाचा ट्रे घेऊन ग्लेनिसच्या दारात हजर. चॉप्स, सॉसेज, वर घट्ट ताणलेलं प्लास्टिक. "क्लबातल्या सोडतीत लागला गं. एकट्याला कशाला एवढं?" घटस्फोट झाल्यावरही बायकोच्या पोटाची काळजी करणारा नवरा! ब्रोकन हिलचं अख्खं खाणगाव त्याचं कौतुक करायचं.

"पेन्शनच्या फंडातल्या माझ्या वाट्याचं काय?" ती विचारायची.

"वकिलांची पोटं कशाला भरायची, ग्लेन? खाणीतली गडबड उरकू दे, आपणच बसून मिटवू."

सत्तावीस वर्षं तो जमिनीखाली खपला, कबूल. पण रात्रपाळी करून तो दिवसा घोरायचा तेव्हा तीन पोरांना गप्प कोणी ठेवलं? शिशाच्या धुळीनं माखलेले कपडे कोणी धुतले? शाळेच्या कॅन्टीनमधला तिचा पगार घराच्या हप्त्यांत गेला आणि याच्या नावावरचा फंड फुगत राहिला. तिच्या स्वतःच्या फंडात एखादी जुनी गाडी येईल, एवढंच. साठीला टेकलेल्या बाईनं त्यावर मरेपर्यंत जगायचं?

सतरा तारखेला, मंगळवारी, मर्व्हची बहीण कोरल आली. क्लबातल्या सोडतीची तिकिटं अकरा वर्षं तीच विकते. ओट्यावरचा ट्रे बघून ती हसतच सुटली.

"हा मर्व्हला लागला? अगं, तो चिक्कू एक तिकीट घेईल तर शपथ!"

"मग हे कुठलं?"

"खाटकाकडचं, दुसरं काय?" कोरलचं हसू थांबलं. "ग्लेनिस, तुमचा घटस्फोट पक्का कधी झाला?"

"गेल्या वर्षी. याच महिन्यात, एकोणीसला."

"शनिवारी बारमध्ये सांगत होता, एकोणीस तारीख उलटली की सुटलो. मला वाटलं, दारू सोडतोय."

दोघी तडक फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे गेल्या. बाईंनी तारीख पाहून चष्माच काढला.

"फंडाच्या वाटणीचा अर्ज घटस्फोटापासून वर्षाच्या आत करावा लागतो. नंतर कोर्टाची खास परवानगी मागत फिरला असतात, आणि ती मिळतेच असं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही. मला मटण दिलं."

ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड झाला होता. बारा ट्रे! आणि प्रत्येक वेळी ती याला थँक्यू म्हणाली होती, चहा पाजला होता.

अर्ज अठराला दाखल झाला.

वीस तारखेला मर्व्ह आला. रिकाम्या हातांनी.

"ट्रे कुठंय?" तिनं विचारलं.

"हे बघ ग्लेन, आता वर्ष उलटलं. फंडाचा विषय संपला. उगाच कटकट नको."

"कोर्टाच्या नियमानं मी माझ्या हातानं तुला काही द्यायचं नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय," ग्लेनिस म्हणाली. "कोरल!"

कोरल आतून आली आणि कोर्टाच्या शिक्क्याचे, अठरा तारखेचे कागद तिनं भावाच्या छातीवर आपटले. "धर. जन्मात पहिल्यांदा तुझा नंबर लागला."

कागद वाचता वाचता मर्व्हचा चेहरा पांढराफटक पडला. "सख्खी बहीण ना तू?"

"आहे ना. त्याचीच लाज वाटते."

"आणि मर्व्ह," ग्लेनिस दार लावता लावता म्हणाली, "खाटकाच्या पावत्या असतील तर कोर्टात दे. माझ्या अर्ध्यातून तेवढे कापून घे."