बेडकाचा वर्ग

"हिला ब तुकडीत टाका सर," सावळाराम गुरुजी म्हणाले आणि हजेरीपटातल्या एका नावावर त्यांनी बोट ठेवलं.

मुख्याध्यापक औटी सरांनी चष्मा वर करून नाव वाचलं. वैजयंती चिमाजी. "का बरं? तुमच्याकडंच ठीक व्हती की."

"चार महिने झाले, तोंडातनं शब्द न्हाई. फळ्यापुढं उभी केली की पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहती. शनिवारी ते पुण्याचे लोक चाचणी घेणार. उगं माझ्या वर्गाची सरासरी खाली यायची."

औटी सर हसले. "अन् वृषाली मॅडमची आली तर चालंल व्हय?"

"त्यांच्याकडं कॉम्प्युटर हायेत ना? त्येच शिकवतील तिला."

औटी सरांनी एका पटावरचं नाव खोडलं आणि दुसऱ्यावर लिहिलं. दोन मिनिटांचं काम. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली, दोन हजार चार सालची ही गोष्ट.

गाव निमगाव सावाच्या पलीकडचं, बागायती. शाळेत चौथीच्या दोन तुकड्या भरतील एवढी मुलं होती. सावळाराम गुरुजी मूळचे आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचे. नोकरीला एकोणतीस वर्षं झालेली. त्यांचा गणितात हातखंडा होता. दरवर्षी त्यांची दोन-तीन मुलं स्कॉलरशिपला लागत. पाढे म्हणून घेताना त्यांचा आवाज पार ग्रामपंचायतीपर्यंत जाई. गावातल्या कितीतरी घरांत बाप आणि लेक दोघंही त्यांच्याच हाताखालून गेलेले.

त्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेनं शाळेला तीन कॉम्प्युटर दिले. लोडशेडिंगमुळे बंद पडू नयेत म्हणून मोठी बॅटरीही दिली. ब तुकडीनं त्यावर गणिताचे खेळ खेळायचे, अ तुकडीनं नेहमीसारखं फळ्यावर शिकायचं. आता एक चाचणी, मार्चमध्ये दुसरी. खेळानं फायदा झाला असं दिसलं, तर कॉम्प्युटर शाळेला कायमचे आणि तालुक्यातल्या आणखी दहा शाळांनाही. नाहीतर उचलून दुसरीकडे.

गुरुजींना ते झोंबलं. वरून कुणी काही बोललं नव्हतं. पण तराजूच्या एका पारड्यात एक खेळणं आणि दुसऱ्यात आपण, एवढं त्यांना बरोबर कळलं. "एकोणतीस वर्षं काय मी गवत उपटत व्हतो?" असं ते घरी बायकोला म्हणाले.

खेळ बेडकाचा होता. पडद्यावर नदी, नदीत दगड, दगडांवर आकडे. 'सात आठे किती?' असा प्रश्न आला की बरोबर आकड्याच्या दगडावर बेडकाला उडी मारायला लावायची. चुकलं की बेडूक डुबुक करून पाण्यात. मग तो डोकं झाडत वर यायचा आणि पुन्हा काठावर बसायचा. पुढेपुढे भागाकार यायचा, अपूर्णांक यायचे, नदी रुंद होत जायची. मुलं त्या खोलीला बेडकाचा वर्ग म्हणू लागली.

मधली भिंत पातळ होती. डुबुक झालं की पलीकडे हशा उठायचा आणि अलीकडे गुरुजींच्या वर्गातली मुलं माना वळवायची. एक दिवस गुरुजी तणतणत तिकडे गेले आणि दारातच थांबले.

मधल्या कॉम्प्युटरवर वैजयंती बसली होती. हसत होती. तिचं हसणं गुरुजींनी पहिल्यांदाच ऐकलं. तिचे आईबाप घाटघरचे, इकडे एका बागायतदाराच्या मळ्यात सालानं कामाला राहिलेले. तिची डोंगरातली बोली ऐकून वर्गातली मुलं खिदळत, म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं.

"किती वेळा पडला गं?" वृषाली मॅडमनी विचारलं.

"धा येळा," वैजयंती म्हणाली. "आता न्हाई पडायचा. आता मला घावलंय."

मॅडम गुरुजींकडे वळल्या. त्या नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. "सर, वर्गात ही चुकली की पोरं हिला हसतात. इथं चुकली की बेडूक पडतो. पोरं बेडकाला हसतात, ही पण हसते आणि परत बसते. एवढाच फरक आहे बघा."

"परीक्षेत बेडूक न्हाई येणार, मॅडम," गुरुजी म्हणाले आणि परतले. मुलांचा गोंगाट कमी करा हे सांगायचं राहूनच गेलं.

जानेवारीत संस्थेच्या श्रेया मॅडम भेट द्यायला आल्या. चहा घेताना सहज म्हणाल्या, "मार्चमध्ये तोच पेपर घ्यायचा, म्हणजे नीट तुलना करता येते."

गुरुजींचा कप ओठापाशी थांबला. ऑक्टोबरच्या चाचणीला पर्यवेक्षक तेच होते. उरलेला एक पेपर त्यांनी सवयीनं टाचणवहीत ठेवला होता. मागची बाजू कोरी होती, कच्च्या कामाला उपयोगी पडेल म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून अ तुकडी तासभर आधी भरू लागली. वीस गणितं फळ्यावर यायची. कधी आंब्याच्या जागी पेरू, कधी रामूच्या जागी श्यामू. आकडे मात्र तेच. गुरुजी त्याला सराव म्हणत. सराव घेणं काही पाप नव्हतं. स्कॉलरशिपच्या मुलांकडून जुन्या प्रश्नपत्रिका ते घोटून घेतच की. असं ते स्वतःला दोन महिने सांगत राहिले आणि फळा मात्र रोज स्वतःच्या हातानं, स्वच्छ पुसत राहिले.

मार्चअखेर निकाल आला. ऑफिसात श्रेया मॅडमनी कागद पसरले. अ तुकडीची सरासरी अकरावरून सतरा. ब तुकडीची दहावरून चौदा.

"खेळांमुळे जास्तीचा फायदा दिसत नाही," श्रेया मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. "आम्हाला तसंच लिहावं लागेल."

"एकेका मुलाचं बघा ना," वृषाली मॅडम म्हणाल्या. त्यांचं बोट यादीवरून खाली सरकलं. "ही वैजयंती बघा. ऑक्टोबरात दोन होते, आता सोळा! दोनाचे सोळा!"

"एका मुलीवरून निष्कर्ष काढता येत नाही मॅडम. आणि प्लीज, वैयक्तिक गुण मुलांना सांगू नका, आमचा तसा नियम आहे." मग त्या गुरुजींकडे वळल्या. "सर, तुमची शिकवण्याची पद्धत आम्हाला लिहून द्याल? खरंच, कौतुक आहे तुमचं."

खोलीत सगळे त्यांच्याकडे पाहत होते. बोलायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं.

"त्यात काय विशेष," गुरुजी म्हणाले. "सराव."

औटी सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या आठवड्यात जीप आली आणि तिन्ही कॉम्प्युटर, बॅटरी, वायरींची भेंडोळी घेऊन गेली. मुलं फाटकापर्यंत जीपमागे धावली.

जूनमध्ये दोन्ही तुकड्यांची मिळून एकच पाचवी झाली आणि ती गुरुजींकडे आली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वैजयंतीला फळ्यापाशी बोलावलं. या वेळी आवाज जमेल तितका मऊ केला. "ये बाळ. एवढा भागाकार कर. तुला येतो, मला माहीत हाय."

ती आली. खडू घेतला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी हसणाऱ्याला उभं केलं, झापलं. पण वैजयंतीचा हात खाली आला तो आलाच. अंगठा पुन्हा फरशी उकरू लागला.

गणपतीनंतर तिचं येणं तुटक झालं, दसऱ्यापर्यंत थांबलं. गुरुजी मळ्यात गेले, तर खोपटाला कुलूप. मालक म्हणाला, "चिमाजीचा म्हातारा तिकडं एकलाच व्हता, औंदा त्याला भात झेपंना. गेली समदी घाटघरला. आता काय येत न्हाईत, गुरुजी."

त्या दुपारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी वृषाली मॅडमना थांबवलं आणि टाचणवहीतला तो पेपर त्यांच्यापुढे ठेवला. कसं झालं, कधी झालं, सगळं सांगितलं. मॅडमनी पेपर उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. त्या रागावतील असं गुरुजींना वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत.

"तुमची मुलं या पेपराशिवायही चौदाला गेली असती, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही तसंच चांगलं शिकवता. काय गरज होती?"

गुरुजींनी संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. महिन्यानं दोन ओळी आल्या: प्रकल्प संपला आहे, कळवल्याबद्दल आभारी आहोत.

गुरुजींनी ते उत्तर वृषाली मॅडमना दाखवलं. "मग आता मी काय करू, मॅडम?"

"मला काय विचारता? तिला जाऊन सांगा."

रविवारी गुरुजी जुन्नरहून घाटघरच्या एसटीत बसले. जीवधन किल्ल्याच्या पायथ्याला भाताची कापणी चालली होती. चिमाजीचं शेत विचारत विचारत ते बांधावर पोचले, तेव्हा वैजयंती कापलेल्या भाताच्या पेंढ्या उचलून एका जागी लावत होती. गुरुजींना पाहून ती दचकली, मग पळत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"एवढ्या लांब आलात, गुरुजी?"

"बस अशी." ते स्वतःही बांधावर टेकले. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही जागेवर नव्हती. "वैजयंती, ते कॉम्प्युटर माझ्यामुळं गेले गं."

ती गोंधळली. "तुमी कशाला न्याल? त्यांचीच गाडी आली व्हती की. मी बघितली."

गुरुजींनी सांगून पाहिलं. पेपर, सराव, सरासरी. आपलेच शब्द त्यांना परके वाटले. पोर मन लावून ऐकत होती, गुरुजी बोलतात म्हणून मान हलवत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. ते थांबले.

"हिथल्या शाळंत जातीस का?"

"न्हाई." ती म्हणाली, "मला काय येत न्हाई ना, गुरुजी."

"मार्चच्या चाचणीत तुला किती पडले, ठाऊक हाय?"

तिनं नकारार्थी मान हलवली. कुणी सांगितलंच नव्हतं.

"सोळा. विसातले सोळा."

"माजं?"

"तुझेच. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांपेक्षा जास्त."

ती उठली, आधी चालत आणि मग पळत खालच्या वाफ्यात गेली. ओणव्यानं भात कापणाऱ्या आईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगू लागली. आई, कोंडाबाई, उभी राहिली. तिनं विळा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि तिथूनच, गुडघ्याएवढ्या उभ्या भातातून, गुरुजींना हात जोडले.

गुरुजींच्या दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.