डावीकडची पट्टी

मष्णूनं काच पूर्ण खाली उतरवली, चिंधी गुंडाळलेली लाकडी पाचर रबरी पट्टीच्या बुडाशी घातली आणि हलकेच वर उचलली. पट्टी जागची हलली नाही. पाचर दोन बोटं पुढं सरकवून त्यानं पुन्हा जोर दिला, तेव्हा आत कुठंतरी एक खटका सुटल्याचा बारीक आवाज आला.

"टेप लावली असतीस तर आत्तापत्तर घासून झालं असतं," महादेव म्हणाला. तो रंगाच्या पालथ्या डब्यावर बसला होता.

हा वाद सकाळीच होऊन गेला होता. महादेवचं म्हणणं, गाडी विकायचीच आहे, काचेखालच्या पट्ट्यांवर टेप चिकटवावी आणि वरून रंग मारून मोकळं व्हावं. उचगावच्या रस्त्यावर आणखी तीन गॅरेजं होती आणि तिन्ही ठिकाणी तसंच करत. मष्णूचं म्हणणं, टेपच्या कडेला रंग नुसता टेकलेला असतो, धरलेला नसतो. वर्षाच्या आत तिथून पाणी शिरतं आणि रंग पापडासारखा सुटतो. महादेवनं तरीही हेका सोडला नाही, तेव्हा मष्णूनं हातातला पाना खाली ठेवून विचारलं होतं, इकायची हाय म्हणून फसवायची व्हय रं? मष्णू त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, आईच्या माहेरच्या गावचा, म्हणून मामा. मामाला काय बोलणार?

उजव्या दाराची पट्टी निघाली. तिच्याखालच्या खाचेत महादेवच्या गावची, बेळगुंदीची तांबडी माती घट्ट बसली होती. तिच्यात रताळ्याच्या वेलाचं एक वाळकं पान, एक काडेपेटीची काडी. सहा वर्षं या गाडीनं रताळी, बटाटे, कोबी बेळगावच्या बाजारात नेले होते. मष्णूनं सगळं ब्रशनं झाडलं, खाच पेट्रोलच्या बोळ्यानं पुसली आणि तो गाडीला वळसा घालून डाव्या दाराकडं गेला.

त्या दारावर अजून अक्षरं होती. लाल रंगात, खाली पिवळी सावली देऊन काढलेली: महादेव – भरमू. दोन्ही दारांवर तीच होती. उजवीकडची काल सांजचीच घासून झाली होती. ही आधी घास, असं महादेवनं आल्या आल्या सांगितलं होतं. आता आधी पट्ट्या काढू, मग उरलेलं घासू, असं मष्णू म्हणाला होता. महादेव मुद्दाम दुसरीकडं बघत बसला.

भरमू त्याचा धाकटा भाऊ. त्याच्याशी बोलून अडीच वर्षं होत आली होती.

भांडण जमिनीचं नव्हतं. जमिनीचं असतं तर मोजणीदार बोलावून मिटलं असतं. भांडण आईच्या नवसाचं होतं. दोघं भाऊ दुसऱ्याच्या टेम्पोमागं हात जोडत फिरत, तेव्हा गुणाबाईनं यल्लम्माला बोलून ठेवलं होतं, की पोरांच्या दारात स्वतःची गाडी उभी राहू दे, तीच गाडी घेऊन तुझ्या डोंगरावर येईन. डोंगर म्हणजे सौंदत्तीचा. बेळगुंदीत नुसतं डोंगर म्हटलं तरी तोच. गाडी आली. आई दर पुनवेला आठवण करून द्यायची. आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं दर पुनवेला काहीतरी निघायचं. कधी रताळ्यांची काढणी, कधी गिअरबॉक्स, कधी पोरीची परीक्षा. एकदा तर महादेवला नुसता कंटाळा आला होता. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, पण ती त्याला बाकी सगळ्या कारणांपेक्षा जास्त आठवायची.

बसनं जायला आई तयार नव्हती, कारण नवस गाडीचा. भरमूबरोबर जा म्हटलं तरी चालत नव्हतं, कारण त्यांच्या घरात देवापुढं नारळ धरायचा तो थोरल्यानंच. तीन वर्षं अशी गेली आणि एका ज्येष्ठात आई गेली.

बाराव्याला चाळीसएक माणसं जेवायला होती. कुणीतरी म्हातारीनं हळहळून म्हटलं, गुणाबाईचा डोंगर तेवढा राहिला. महादेवच्या आत जे साचलं होतं त्याला वाट हवी होती आणि समोर भरमू पत्रावळ्या वाढत होता. महादेव सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडला. गाडी तर रोज तूच फिरवत होतास, एक दिवस आईसाठी फिरवली असतीस तर हात झडले असते काय? थोरल्याचा मान गेला चुलीत, म्हातारी तर सुखानं गेली असती. भरमूनं वर बघितलं. काहीतरी बोलायला त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यानं खाली मान घालून उरलेल्या पत्रावळ्या वाढल्या. तो मूग गिळून बसला म्हणजे चूक त्याचीच, असं जमलेल्यांनी धरलं आणि महादेवनंही धरलं, कारण ते त्याला सोयीचं होतं. महिन्याभरात भरमू बायकोपोरांना घेऊन काकतीला गेला आणि दुसऱ्याचा टेम्पो चालवू लागला.

तेव्हापासून गाडीला बरकत नव्हती. दोनदा रताळी सडली, एकदा भर रस्त्यात ब्रेक गेले, महादेवच्या बायकोची कंबर धरली ती सुटेना. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असं मष्णूनं त्याला समजावून बघितलं होतं. महादेवला ते पटत नव्हतं. नवस राहिलेली गाडी घरात ठेवू नये, असं बायको म्हणाली, आणि आता एकट्यानं डोंगरावर जायला त्याला तोंड नव्हतं. मग गाडीच काढायची ठरली. नवा रंग मारायचा, नावं पुसायची आणि देऊन टाकायची.

"महादू," मष्णू म्हणाला. "डोंगराला गेलतास व्हय?"

महादेव उठला नाही. "न्हाय."

"मग हे कुठनं आलं?"

डावी पट्टी सुटून मष्णूच्या हातात लोंबत होती. खाचेत बघायला तो वाकला होता. महादेव जवळ गेला. खाचेत मातीचा थर होताच, पण मष्णूनं पाचरीच्या टोकानं तो उकरला होता आणि खाली पिवळं होतं. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथं काच आत सरकते तिथं तर बोटाच्या पेरभर जाडीचा, ओल लागून वाळलेला थर होता. मष्णूनं चिमूट घेतली, चुरली, हुंगली.

"भंडारा हाय," तो म्हणाला. "मला वाटलं कुणी खड्डा बुजवायला लांबी भरलीया."

"खंडेनवमीची हळद असंल. पुजतो की दर वर्साला."

"पूजेची हळद बोटानं लावत्यात, ती बी बॉनेटला. आणि तिच्यात कुंकू असतंय. ही मुठीनं उधळलेली हाय. डोंगरावरनं आलेल्या गाड्या बघतोय की मी. आठ दिवस धुवा, पट्टीखालची जात न्हाय. काच खालवर झाली की आत वढली जाती." तो पुन्हा वाकला. "उजव्या दाराला एक कण न्हवता. बसणाऱ्याच्याच बाजूला हाय."

त्यानं पाचरीनं थर जरा हलवला. भंडाऱ्यात अडकलेली कडुलिंबाची तीन पानं वर आली. हिरवी राहिली नव्हती, पण कातरलेल्या कडा अजून ओळखू येत होत्या. डोंगरावर बायका लिंबाचे डहाळे हातात धरतात.

सवयीनं मष्णूनं हवेची नळी उचलली. एक फुंकर बसली की खाच लख्ख झाली असती. महादेवनं त्याच्या मनगटाला धरलं. का धरलं हे त्याला लगेच सांगता आलं नसतं. मष्णूनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, नळी खाली ठेवली आणि चहा सांगून येतो म्हणून तो रस्त्याकडं निघून गेला.

महादेव दारापाशी उभा राहिला.

आई गेली त्याच्या आधीच्या फाल्गुनात भरमू तिला मोतीबिंदू दाखवायला बेळगावला घेऊन गेला होता. पहाटे निघालेली दोघं दिवस मावळताना आली. गाडी ओलीचिंब, नुकती धुतलेली. दवाखान्यात रांग होती, येताना मार्कंडेय नदीवर गाडी धुतली, असं भरमू म्हणाला होता. डिझेलचा काटा तळाला गेलेला बघून महादेवनं त्याला झापलं होतं. बेळगावला जाऊन यायला एवढं डिझेल लागतंय व्हय? भरमू हसला होता. आई आत चुलीपुढं बसून स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती आणि त्या रात्री ती दीड भाकरी जेवली होती.

त्या दिवसानंतर तिनं डोंगराचं नाव काढलं नाही. पुनवा आल्या आणि गेल्या. ती आपल्यावर रुसली, आपल्याकडून आशाच सोडली तिनं, असं महादेवनं मनाशी धरलं. शेवटच्या आठवड्यात तोच तिच्या उशाशी बसून म्हणाला होता, बरी हो, तुला डोंगराला नेतो. तिनं त्याच्या हातावर थोपटलं होतं. झालं रं सगळं, एवढंच म्हणाली होती. आता उशीर झाला असं तिला म्हणायचंय, हे समजून तो गोठ्यात जाऊन रडला होता.

झालं होतं. खरोखरच सगळं झालं होतं. ती तिच्या गाडीत बसून, डोंगर चढून, नवस फेडून आली होती. थोरल्याला सोडून फेडला हे गावाला कळू नये, थोरल्याची मान खाली जाऊ नये, म्हणून गाडीवरचा भंडारा नदीवर धुऊन आली होती. आणि महादेवनं अडीच वर्षं एक झालेली गोष्ट न झालेली म्हणून उरावर वागवली. स्वतःच्या नाही, भावाच्या.

त्याला एकदम खूप लाज वाटली. लाजेच्या खाली कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

मष्णूच्या बाकड्यावर वर्तमानपत्र होतं. त्याचा एक तुकडा फाडून महादेवनं खाचेखाली धरला आणि पाचरीच्या टोकानं भंडारा थोडा थोडा करून कागदावर घेतला. लिंबाची पानंही घेतली. पुडी बांधून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. बोटाला लागलेलं पिवळं पुसायला त्यानं चिंधी उचलली, पण पुसलं नाही.

भरमूचा नंबर त्यानं कधी काढून टाकला नव्हता. चौथ्या घंटीला फोन उचलला गेला. मागं टेम्पोत काहीतरी चढवत असल्याचा आवाज येत होता.

"मी बोलतोय," महादेव म्हणाला.

"व्हय. नंबर हाय माझ्याकडं."

"गाडी रंगाला काढलीया. मष्णूमामाकडं."

"बरं."

"डाव्या दाराच्या पट्टीखाली भंडारा घावला."

पलीकडं कुणीतरी भरमूला दोनदा हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. पावलं ऐकू आली. तो गोंगाटापासून बाजूला जात असावा.

"अण्णा," तो म्हणाला, "मी भंडारा उचललाय. आईच्या म्होरं. तुला सांगणार न्हाय म्हणून. मला काय इचारू नगंस."

महादेवनं दाराला हात टेकवला. हाताखाली लाल अक्षरं होती. चाळीस माणसांदेखत हा उभा होता, उघडलेलं तोंड मिटून, हातात पत्रावळ्या घेऊन. एका शब्दात सुटला असता.

"न्हाय इचारत," महादेव म्हणाला. "शपथ मोडू नगंस तू. मी गाडीचं तेवढं इचारतो. गाडीचं सांगायला हरकत हाय काय?"

भरमूनं विचार केला. "गाडीचं इचार."

"डाव्या बाजूची काच खाली हुती?"

रस्त्यावरून मष्णू दोन चहाचे ग्लास घेऊन येत होता. महादेवला बघून तो अलीकडंच थांबला.

"डोळ्यात जाईल म्हणून लई सांगितलं," भरमू म्हणाला. "वर करूच देईना."