मैदानाच्या दोन टोकांना

हिवाळ्यातल्या सकाळी पर्जन्यवृक्षाच्या पानांतून चाळून येणारं कोवळं ऊन कुंदाताईंच्या उजव्या गालावर रेंगाळायचं, कारण बोलणाऱ्याकडे त्या नेहमी डावा कान करून बसत. ती लकब मला कितीतरी वर्षं विनयाची वाटली होती. गाण्याच्या बैठकीत जाणत्या श्रोत्याची मान कलावी, तशी ती कलायची. उजवा कान केव्हाच गेला आहे आणि डावाही मावळतीला लागला आहे, हे कॉलेजात फक्त मला, त्यांनीच सांगितलं, तेही भौतिकशास्त्राचा एखादा नियम सांगावा तितक्या अलिप्त स्वरात.

हडपसरच्या शेतकरी घरातली ही बाई, मी शिकवते त्याच कॉलेजात, आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवत आली. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांच्या मनात एक कल्पना रुजली. कॉलेजच्या मैदानाच्या दोन टोकांना, एकमेकींकडे तोंड करून, माणसाच्या उंचीच्या दोन सिमेंटच्या पराती उभ्या करायच्या. एकीशी कुणी हलक्या आवाजात बोललं, की मधला सगळा कोलाहल ओलांडून ते शब्द दुसरीशी उभ्या असलेल्याच्या कानाशी उमटावेत. वीज नको, यंत्र नको. शिल्प उभं राहील आणि त्यात प्राण फुंकेल येणारा-जाणारा कुणीही. इयरफोन घालून शेजारी-शेजारी मुकी बसलेली मुलं पाहून त्यांचा जीव तुटायचा. मला मात्र त्या उत्साहात, विझत्या समईची वात पुढे सारावी तशी, स्वतःपुरती एक आशाही दिसायची.

परवानगीसाठी भरलेल्या कॉलेज समितीच्या बैठकीत प्राचार्य म्हणाले, “मॅडम, कल्पना सुरेख आहे. पण मुलं-मुली तिथं काय कुजबुजणार, याची जबाबदारी आपण घेणार का?”

हशा पिकला. प्रश्न कुंदाताईंपर्यंत पोचलाच नव्हता. हशा म्हणजे पसंती समजून त्याही प्रसन्न हसल्या. त्या हसण्यानं प्राचार्य वरमले असावेत. “बरं,” ते म्हणाले, “आधी नमुना करून समितीसमोर चालवून दाखवा.”

केबलवाल्याकडून दोन जुन्या, मोठ्या डिश आणून त्यांनी आतून गिलावा घोटून घेतला. रविवारी सकाळी, मैदान निर्मनुष्य असताना, एका टोकाला त्या उभ्या राहिल्या, दुसऱ्या टोकाला मी. मी त्यांना हाक मारली. मग काहीबाही बोलले, मग आवाज चढवला. धुक्याचा विरळ पदर मैदानावर निश्चल पडून होता. इतक्यात माझ्या कानाशी, श्वासाच्या उबेसकट, त्यांचा स्वर आला, “अगं, बोल की. मी ऐकतेय.”

मी बोलतच होते.

ओल्या गवतातून त्या माझ्याकडे चालत आल्या. “तुला आलं ऐकू?”

“अगदी कानाशी, ताई!”

माझ्या ओठांवरून त्यांनी ते वाचलं. गिलाव्यावरून त्यांनी तळवा फिरवला. “मग उद्या सांगून टाकते, चालत नाही म्हणून.”

“पण चालतंय ना!”

“समितीसमोर मला एका टोकाला उभं करतील गं.”

सोमवारी त्यांनी तसंच सांगितलं. “प्रयत्न स्तुत्य होता,” असं म्हणून प्राचार्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही गप्प राहिले. सत्य सांगण्याचा अधिकार जिचा, तिनंच ते मिटवून टाकलं होतं. आता त्या जागी दुचाकींची शेड आहे.

मुदतीआधीच नोकरी सोडून कुंदाताई हडपसरला भावाकडे राहायला गेल्या. मी अधूनमधून जाते. खिडकीखाली रिक्षांचा, बसचा आकांत चाललेला असतो आणि त्या तिथंच एखाद्या तळ्याकाठी बसावं तशा बसलेल्या असतात. स्वतःचा आवाजही आता त्यांना सापडत नाही, म्हणून बोलणं सपाट, तुटक होत चाललं आहे. गेलेल्या माणसाची अनुपस्थिती निदान पूर्ण तरी असते. कुंदाताई समोर असतात, हसतात, चहा पुढे करतात, आणि तरी रोज थोड्या थोड्या दूर जातात. आमचे आवाज त्या आता ऐकत नाहीत, नुसते आठवतात. आणि आठवणीतला आवाज कितीही जिवलग असला, तरी नवं असं काही कधीच सांगत नाही.