धाकटीचा स्वेटर

थोरलीने बाळ पाळण्यातून उचललं आणि ती श्वास रोखून उभी राहिली. आता ते किंचाळणार, हातपाय थरथरणार, मग नर्सबाई येऊन ते काढून घेणार, हे तिला पाठ झालं होतं. पण आज बाळाने तिच्या छातीवर नाक घासलं, एकदा शिंकलं आणि गप्प झालं.

तिची धाकटी बहीण, बाळाची आई, शेजारच्या खोलीत औषध घ्यायला गेली होती. कारखान्यात पाठ दुखावली तेव्हा सुरू झालेल्या अफूच्या जातीच्या गोळ्या पुढे तिला सुटल्याच नाहीत, दिवस गेल्यावरही नाहीत. आता त्यांच्याऐवजी नर्सबाईंच्या डोळ्यांसमोर रोज औषध प्यायचं. बाळाच्याही अंगात ते भिनलेलं. ते उतरेपर्यंत त्याला पडदे ओढलेल्या, शांत खोलीत आईजवळ ठेवायचं.

गावच्या दवाखान्यातली ही खोली नवी होती आणि पहिल्या दिवसापासून थोरलीच्या डोळ्यांत खुपत होती. पूर्वी असं बाळ शहरातल्या इस्पितळात जायचं, आई हात हलवत घरी यायची आणि पुढे बाळ बहुतेक एखाद्या नातलगाच्या पदरात पडायचं. त्याच आशेने थोरलीने घरी माळ्यावरचा पाळणा पुसून ठेवला होता. तो तिने स्वतःच्या बाळासाठी करून घेतला होता, पण त्यात कधी कुणी झोपलं नव्हतं.

आपण आयुष्यभर सरळ वागलो आणि कूस हिची भरली, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. धाकटी बाळाला पाजायला घ्यायची तेव्हा थोरलीच्या पोटात दुखायचं. नर्सबाईंनी धाकटीचं कौतुक केलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि ती उगाच उशा झटकत बसायची.

डॉक्टरीणबाई हळूच आत आल्या. बाळ कुणाच्या हवाली करायचं ते त्यांना आज ठरवायचं होतं. धाकटीच्या उशाशी इतके दिवस थोरलीच होती, तेव्हा तिच्या शब्दाला वजन होतं.

"शांत आहे की आज," त्या कुजबुजल्या.

"माझ्याकडे आहे ना, म्हणून. तिच्याकडे रात्री नुसता रडत होता."

ते खोटं नव्हतं. नंतर धाकटीने त्याला पहाटेपर्यंत छातीशी धरून निजवलं होतं, एवढंच थोरलीने सांगितलं नाही.

"मग तुम्हाला काय वाटतं? तिला झेपेल?"

थोरलीने तोंड उघडलं, तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि वाकून पाळण्यात चाचपू लागल्या. आई औषधाला गेली की तिच्या अंगातला कपडा बाळाजवळ ठेवायचा, त्या वासाने ते निवांत राहतं, असं पुटपुटत त्यांनी पाळण्याखालीही पाहिलं.

"स्वेटर इथेच होता. गेला कुठे?"

थोरलीने खाली पाहिलं. सकाळी थंडी वाजली म्हणून पाळण्याच्या कडेवरून हाताला लागलं ते तिने अंगात चढवलं होतं. कोपरावर उसवलेली ती लोकरीची बाही धाकटीची होती. खोलीत उजेड इतका कमी होता की तिच्याशिवाय कुणाला कळलंही नसतं. धुवायला गेला असेल, एवढं म्हटलं की काम झालं असतं. शब्द ओठांवर आले होते. बाळ कॉलरची लोकर तोंडात धरून चोखत होतं.

ती खाटेवर बसली. बाळाला मांडीवर ठेवून तिने एक हात बाहीतून काढला, मग दुसरा. बाळाचा चेहरा लगेच वेडावाकडा झाला. तिने घाईने त्याच्याभोवती स्वेटर गुंडाळला. रडणं सुरू होता होता विरलं.

"माझ्याच अंगात होता," ती म्हणाली.

थोरलीने बाळाला पाळण्यात ठेवलं.

"झेपेल तिला. घरी पाळणा आहे माझ्या. दोघांनाही माझ्याकडे पाठवा."

धाकटी तोंड पुसत परत आली. बहिणीचे उघडे हात तिने पाहिले.

"ताई, गारठशील. घाल तो स्वेटर."

"राहू दे त्याच्याजवळ," थोरली म्हणाली. स्वेटरची एक बाही मात्र अजून तिच्या मुठीतच होती.