एक नारिंगी अंडं

नारिंगी होतं ते. वाळूच्या दोन खड्यांमध्ये अडकलेलं, मोहरीपेक्षा जरासं मोठं — आणि नारिंगी. काळसर असतं तर गोष्ट वेगळी होती. काळसर म्हणजे जिवंत, नारिंगी म्हणजे गेलेलं, असं मासेवाल्या दुकानदाराने सांगितलं होतं. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला टेकवलं, आणि त्याच्याच श्वासाने काच धुरकट झाली. घ्या! एवढंही धड पाहता येत नाही.

टाकीच्या कोपऱ्यात, पाइपाच्या तुकड्यात बाईसाहेब बसल्या होत्या. गोड्या पाण्यातली क्रेफिश — झिंग्याच्या कुळातली, पण खेकड्यासारख्या नांग्यांची, निळी. बायको तिला विंचूच म्हणायची. शेपटी पोटाखाली घट्ट दुमडलेली, आणि त्या दुमडीत अंड्यांचा घोस असायला हवा. काल होता. आज पाइपात अंधार, आणि बाहेर हे एक नारिंगी...

पहिल्या खेपेची अंडी गेली, दुसऱ्या खेपेचीही. का गेली ते दुकानदाराने तोंडावर सांगितलं होतं.

"काका, तुम्ही फार बघता. पाइप उचलून उचलून बघता. घाबरली की सगळी टाकून देते ती."

"आणि एखादंच पडलं तर?"

"तर खराब असेल. खराब झालेलं ती स्वतःच काढते हो, पायाने चाचपून."

म्हणजे एक पडलं तर शहाणपण, सगळी पडली तर भीती. पण सगळी पडतात तेव्हाही आधी एकच पडतं ना — हे विचारायचं राहून गेलं. नेमका प्रश्न मला दुकानातून घरी आल्यावर सुचतो. माझं घोडं कायम वरातीमागून.

"अहो, चहा गार होतोय. विंचवाची पूजा झाली असेल तर या."

टेबलावर पाव होता आणि ती बाटली — परदेशी राहणाऱ्या लेकीने पाठवलेली, बुटकी, आत डांबरासारखं काळं काहीतरी. यीस्टचं करतात म्हणे. खारट, पावाला लावून खायचं. कितीतरी आठवडे ती फडताळातून त्याच्याकडे बघत होती. आज लेकीचा फोन यायचा होता, ती विचारणार होती, आणि नात विचारणार होती तिचं नेहमीचं: आजोबा, बाळं आली? दोघींना मिळून निदान एक तरी बरं उत्तर हवं, म्हणून त्याने सुरी घातली आणि जॅम लावतात तसा जाड थर दिला. मोठा घास घेतला.

मीठ नव्हे, मिठाचा बाप! डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं तापली, आणि गिळावं की थुंकावं या विचारात घास तोंडात तसाच राहिला — निर्णय न घेता तोंड मिटून बसायची त्याची जुनी खोड. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. तेवढ्यात फोन वाजला, आणि घास आपोआप गिळला गेला.

"बाबा, किती लावलंत?" आईकडून सगळं कळल्यावर लेक म्हणाली.

"जॅमइतकं."

"अहो, नखाएवढं लावायचं! मीही पहिल्यांदा थुंकलेच होते. आता सकाळी मिळालं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. एका घासात निकाल नका लावू."

मागून नातीचा आवाज आला. "बाळं आली?"

"बघतो हं," तो म्हणाला. "बघून सांगतो."

बघून! चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसरं केलं काय? दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका वेचून काढल्या, आणि स्वतःची एक कादंबरी होती तिच्यावरून इतक्यांदा हात फिरवला की शेवटी नाव तेवढं उरलं. एके दुपारी तेही खटकलं. खराब होतं ते काढता काढता बरं होतं तेही गेलं... घरात आपल्या हातून काही जन्मावं, एवढीच तर आता इच्छा, आणि तिथेही हात हा असा — शिवशिवणारा.

तो टाकीपाशी कधी आला, बाही कधी वर केली, कळलं नाही. हात कोपरापर्यंत गार पाण्यात होता आणि बोटं पाइपावर. नुसतं उचलायचं. एकदाच. मग कळेल, मग शांत वाटेल — दोन्ही वेळा असंच तर वाटलं होतं. पाइपाच्या आतून बोटांना काहीतरी हलतंय असं जाणवत होतं, बारीक, एकसारखं. ती पायांनी अंड्यांना वारा घालत होती? की रिकाम्या पोटाखाली सवयीने पाय हलवत होती? की माझीच नाडी?

एक खराब निघालं, तिने काढलं. आणि थांबली. थांबली असेल... तर तिला ते जमतं. कुठे थांबायचं ते पायांना कळतं तिच्या. मला का नाही? राग आला त्याला — तिचा, दुकानदाराचा, त्या काळ्या बाटलीचा, स्वतःच्या ओल्या हाताचा सगळ्यात जास्त.

बोटं सुटली. हात बाहेर आला.

"आहेत का?" बायको दारात उभी होती. आता ती हसत नव्हती.

"माहीत नाही."

"म्हणजे? बघितलं नाहीत?"

"नाही."

तिने टॉवेल पुढे केला. तो घ्यायचंही त्याला सुचलं नाही. कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं आणि 'माहीत नाही' हे दोन शब्द खड्यासारखे आत टोचत होते. काढून टाकावेत असे, आणि काढता न येणारे. जिभेच्या मुळाशी ते मीठ अजून होतंच. आवडलं नव्हतं. पण चूळ भरायला तो गेला नाही. टाकीकडे पाठ करून, खुर्चीच्या कडेवर, ते तोंडात तसंच धरून बसून राहिला.